शाळेतल्या मुलांना इतिहास आणि स्वातंत्र्य शिकवायला वेस्टर्न कादंबरी लिहिली तर चालेल का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की शेरीफ, घोडे, बंदुका सगळं ठेवून आठवी-नववीच्या मुलांपर्यंत इतिहास आणि स्वातंत्र्य पोचवायचंय. चालेल, धावेल. मी कॅन्ससमध्ये अकरा वर्षं सातवीला सोशल स्टडीज शिकवतेय आणि अशी एक छोटी कादंबरी वर्गासाठी लिहिलीय, म्हणून तुमचा प्रश्न बघून राहवलं नाही.

माझी गोष्ट निकोडीमसची. वायव्य कॅन्ससमधलं, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी १८७७ मध्ये वसवलेलं गाव. केंटकीत लेक्झिंग्टनला हँडबिलं वाटली होती, पाच डॉलर भरा आणि ५ सप्टेंबरला कॅन्ससला चला. आता एक गोष्ट बहुतेक पुस्तकं गुंडाळून टाकतात. लिंकनचा १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा केंटकीला लागूच नव्हता, कारण ते राज्य यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोरांत सामील झालं नव्हतं. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली डिसेंबर १८६५ मध्ये, राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनंतर. म्हणजे हँडबिल वाचणारा पंचवीस वर्षांचा माणूस तेरा वर्षांचा होईपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा असू शकतो. माझ्या वर्गातली मुलं बरोबर तेरा वर्षांची असतात, हे गणित फळ्यावर केलं की वर्ग गप्प होतो.

विलियाना हिकमन नावाची बाई १८७८ मध्ये नवऱ्याबरोबर तिथे पोचली, वाटेत आजारी पडलेली. पुरुष ओरडले, आलं निकोडीमस! ती डोळे फाडून बघतेय आणि म्हणते, कुठाय, मला तर काहीच दिसत नाही. नवऱ्याने बोट दाखवलं तर जमिनीतून ठिकठिकाणी धूर निघत होता. तेच गाव. लोक जमिनीत खोदून राहत होते. ती रडायलाच लागली. हे तिनेच नंतर सांगून ठेवलंय.

तो धूर हा माझा पहिला चॅप्टर. त्या माळावर लाकूड नव्हतं, म्हणून सूर्यफुलाची वाळकी धाटं आणि बफेलोचं वाळलेलं शेण जाळायचे. इथली मुलं हे ऐकून ई करतात. मी माण तालुक्यात वाढले, आजीबरोबर माळावर रानगोवऱ्या वेचल्यात. थापलेल्या शेणी नाहीत, जनावराने जिथे टाकलं तिथेच उन्हात वाळलेल्या, उचलताना आधी पायाने उलथून खाली विंचू आहे का बघायचं, आणि जरा ओलसर निघाली की अख्खं घर डोळे चोळत बसायचं. ते सगळं मी तसंच्या तसं त्या केंटकीच्या बाईच्या हाताला दिलं. सुरुवात कुठून करू म्हणता ना, तर इथून. तुमच्या हाताला जे माहीत आहे तिथून, बंदूक तुम्ही कधी धरली नसेल तर बंदुकीपासून नको.

आता खरं दुखणं सांगते. मूळ कच्च्या प्रतीत एक चॅप्टर होता, पहिल्या हिवाळ्यात गावात खायला काही उरलं नाही तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीने, त्यांना अन्न दिलं, अशी निकोडीमसमध्ये आठवण सांगतात. आणि ह्याच ओसेज लोकांना कॅन्ससमधून जेमतेम पाच-सहा वर्षांपूर्वी दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, हलवलेलं! आमच्या डिपार्टमेंटमधले एक सीनियर सर म्हणाले, हा चॅप्टर काढ, मुलं गोंधळतात, स्वातंत्र्याची गोष्ट आहे तर स्वातंत्र्याचीच राहू दे, आणि एखादी गोळीबाराची मारामारी टाक. वर हेही म्हणाले की तू बाहेरून आलीस, तुला फ्रंटियरचं स्पिरिट समजायला वेळ लागेल. मी त्यांना सांगितलं की पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, निकोडीमसच्या चार वर्षं आधी, तेव्हा ह्या गोष्टीत मी बाहेरची नाही. ते हसले. मी नवीन होते, नोकरी कायम व्हायची होती. चॅप्टर काढला.

पहिल्याच वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने, जी एरवी तोंड उघडायची नाही, हात वर केला. होमस्टेड कायदा चालला होता, १८६२ चा, १६० एकर, पाच वर्षं राहा आणि कसा की जमीन तुमची. तिने विचारलं, मिस, पण सरकारकडे ही जमीन आली कुठून? उत्तर लिहिलेली पानं मी स्वतःच्या हाताने फाडून टाकली होती. तोंडी काहीतरी सांगितलं, पण पुस्तकात नाही म्हटल्यावर त्या वयाच्या मुलांना ते खरं वाटत नाही.

म्हणून माझं ठाम मत, जमीन आधी कोणाची होती हे ज्या वेस्टर्नमध्ये येत नाही ती मुलांच्या हातात देऊच नये. मुलं गोंधळत नाहीत, मोठ्यांना उत्तर द्यायचं नसतं. एकाला मिळालेलं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या गेलेल्या जमिनीवर उभं असू शकतं हे तेरा वर्षांच्या पोराला नीट कळतं, घरात दोन भावंडं आणि एकच खोली असली की आपोआप कळतं.

शेरीफ हवाच असेल तर बास रीव्ह्ज घ्या. गुलामगिरीत जन्मलेला, पळून इंडियन टेरिटरीत गेलेला, १८७५ पासून डेप्युटी मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा गुन्हेगार पकडणारा अधिकारी. लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि पाठ करून माणूस धरायला निघायचा. स्वतःच्या मुलालाही त्याने खुनाच्या आरोपात पकडून आणलं. तुमची घोडे-बंदुकांची हौस इथे भागेल. आणि काऊबॉय सगळे गोरे दाखवू नका, दर चारातला एक कृष्णवर्णीय असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे, शिवाय मेक्सिकन वाकेरो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, होतेच, 'रँच' आणि 'लॅरिएट' (गुरं पकडायचा दोरीचा फास) हे शब्दच त्यांच्याकडून आलेत.

एक राहिलं. तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिणार त्यांच्यापैकी कुणाला तरी छापायच्या आधी वाचायला द्या. माझ्या प्रतीत ओसेज माणसांच्या तोंडी मी तुटकं इंग्रजी घातलं होतं, एका ओसेज शिक्षिकेने ते काढायला लावलं, आणि बरोबरच होतं तिचं. आणि मी फक्त सातवी शिकवलीय, तुमच्या नववीला ह्याहून अवघड झेपेल.

तो चॅप्टर गेल्या वर्षी परत घातला. सर आता रिटायर झालेत. नवीन प्रत त्यांना पोस्टाने पाठवलीय, पान ३१ ला खूण घालून.