छातीतील गाठीचे निदान : थांबावे की लगेच शस्त्रक्रिया करावी?

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या भावाच्या छातीत, फुफ्फुसाच्या आवरणाला लागून, ७ सेंटिमीटरची गाठ आहे. सुईने काढलेल्या तुकड्याच्या अहवालात ‘स्पिंडल सेल ट्यूमर, पुढील तपासण्या आवश्यक’ एवढेच लिहिले आहे. या तपासण्यांत वेळ घालवण्यापेक्षा आधी शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

उत्तर : तुमची घालमेल मी समजू शकतो, तरीही माझा सल्ला थांबण्याचाच आहे. अहवालात सध्या फक्त पेशींचा लांबट आकार नोंदवलेला आहे. आजार कोणता, हे अजून ठरलेले नाही. अशा पेशी सायनोव्हियल सार्कोमा (मऊ ऊतींचा एक कॅन्सर), सॉलिटरी फायब्रस ट्यूमर (तंतुमय ऊतींची, बहुधा संथ वाढणारी गाठ), मेसोथेलिओमाचा (फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरचा) एक प्रकार, इतकेच काय, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक विरळा प्रकार यांतही दिसतात. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर पुष्कळदा केवळ शस्त्रक्रियेने बरा होतो, तर मोठ्या सायनोव्हियल सार्कोमात शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी देण्याचा विचार करावा लागतो.

मऊ ऊतींचे (स्नायू, चरबी यांसारख्या ऊतींचे) सार्कोमा प्रौढांच्या एकूण कॅन्सरपैकी जेमतेम १ टक्का असतात आणि त्यांचे प्रकार मात्र ५० हून अधिक आहेत, त्यामुळे पहिल्या अहवालात नेमका प्रकार न कळणे हा पॅथॉलॉजिस्टचा निष्काळजीपणा मानू नये. पुढच्या टप्प्यात त्याच तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखण्याची तपासणी, करतात. त्यात पेशीकेंद्रकात स्टॅट-६ हे प्रथिन ठळकपणे आढळल्यास सॉलिटरी फायब्रस ट्यूमरची शक्यता बळावते. टीएलई-१ हे प्रथिन सायनोव्हियल सार्कोमाकडे बोट दाखवते, पण एकटे पुरेसे ठरत नाही. त्या आजारात एक्स आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते व ‘फिश’ या गुणसूत्रांतील बदल शोधणाऱ्या तपासणीत ती सापडली की शंका उरत नाही. सार्कोमाचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टचे दुसरे मत जरूर घ्या. त्यासाठी तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक व स्लाइड्स मागून घेता येतात. नमुना अपुरा ठरला आणि पुन्हा बायोप्सी करावी लागली, तर सुईचा मार्ग शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्याने ठरवावा, कारण बऱ्याचदा तो मार्गही गाठीबरोबर काढावा लागतो.

एक गोष्ट घाईत राहून जाते : सायनोव्हियल सार्कोमा बहुधा हातापायांत सुरू होतो आणि तेथून छातीत पसरू शकतो. भावाच्या मांडीत, गुडघ्याजवळ किंवा पावलात एखादी जुनी, न दुखणारी गाठ असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मात्र धाप वाढली, चेहरा किंवा मान सुजली, खोकल्यातून रक्त पडले, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्या.