साखर खाऊन वडील सावरले, तरी दवाखान्यात न्यावे का?

आपण विचारले आहे की, सकाळी मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन उपाशीपोटी कापूस वेचायला गेलेल्या वडिलांना दरदरून घाम फुटला, साखर दिल्यावर ते सावरले, तरीही दवाखान्यात न्यावे का. न्यावे, आणि आजच न्यावे.

मी डॉक्टर नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या घरी आईचा मधुमेह अनेक वर्षे मी सांभाळते आहे. एका नवरात्रात तिने घटस्थापनेपासून उपवास धरला, गोळी मात्र नेमाने घेतली. सायंकाळी देवापुढे बसल्या बसल्या ती असंबद्ध बोलू लागली. पदर घामाने चिंब झाला होता, आणि रक्तातली साखर मोजायच्या ग्लुकोमीटरवर 48 हा फारच कमी आकडा आला. साखरेचे पाणी पाजताच ती नीट बोलू लागली, म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. पहाटे तीनला हाक मारली तर ती ओ देईना. खाल्लेल्या साखरेचा आधार तास-दीड तासात संपतो, पण ही गोळी स्वादुपिंडाला दिवसभर इन्शुलिन सोडायला लावते आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर तिचा अंमल आणखी लांबतो, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा चढला नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे, आणि सावरल्यावर भाकरी-वरण खाऊ घालावे. पेढा देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. वडिलांच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हेही नाव आहे का, ते आवर्जून पाहा. ही औषधे साध्या साखरेचे पचन रोखतात, तेव्हा ग्लुकोज पावडरच लागते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. कुशीवर वळवून 108 ला फोन करावा.

डॉक्टरांना मूत्रपिंडाची तपासणी आणि गोळीची मात्रा, दोन्हींबद्दल विचारा. मधुमेहाच्याच मेटफॉर्मिन या दुसऱ्या गोळीने, ती एकटीच घेतली तर, साखर अशी क्वचितच उतरते, त्यामुळे औषध बदलणेही शक्य असते. आईचे तसेच बदलले. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण तिने धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम तेवढा येतो. आपल्या मनाने मात्र कोणतीच गोळी बंद करू नका. एकादशीच्या किंवा नवरात्राच्या उपवासाआधी त्या दिवसांची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

वेचणीला जाताना वडिलांच्या खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या आणि सोबतच्या बायामाणसांना ती कशासाठी आहे ते सांगून ठेवा. दवाखान्यातून आज घरी सोडले, तर रात्री झोपताना आणि पहाटे तीनच्या सुमारास उठवून साखर तपासा.