आधी टेबल, मग क्लास

भावा, मार्केट यार्डातल्या गूळ अडत दुकानासाठी तू हायबरनेट (जावातले क्लास डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारं साधन) वापरून हिशेबाचा प्रोग्राम लिहितोयस, छान. पण क्लास लिहून टेबलं आपोआप बनवून घेऊ नकोस. आधी कागदावर टेबलं काढ.

पैशाला डबल (दशांश अंदाजे साठवणारा आकड्यांचा प्रकार) कधीच नको. जावात ०.१ आणि ०.२ ची डबलमध्ये बेरीज केलीस तर ०.३०००००००००००००००४ येतं, आणि पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या विक्रीच्या हिशेबावर, पैशाचा फरक दिसला की शेतकऱ्याचा विश्वास उडतो. क्लासमध्ये बिगडेसिमल, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये न्यूमेरिक (१२,२), म्हणजे एकूण बारा अंक, त्यातले दोन दशांश; दोन्ही आकडा तंतोतंत ठेवतात. वजनालाही तेच, फक्त दशांश तीन ठेव.

एनमचं, म्हणजे कोडमधल्या ठरलेल्या नावांच्या यादीचं, मात्र नीट ऐक. हायबरनेट काही सांगितलं नाहीस तर नावाऐवजी क्रमांक साठवतो: ०, १, २. मी एकदा गुळाच्या प्रतींच्या यादीत मधेच नवी प्रत घातली आणि तिच्या पुढच्या प्रतींचे जुने सगळे सौदे एका पायरीनं सरकले. दुरुस्तीला दोन रात्री गेल्या. म्हणून स्ट्रिंग, म्हणजे नावच, साठव, आजच.

शेतकरी आणि व्यापारी हे 'व्यक्ती'चे उपवर्ग करायचा मोह होईल. पण आपल्याकडं स्वतःचं गुऱ्हाळ चालवणारा माणूस गूळ खरेदीही करतो. त्याला कुठल्या वर्गात बसवशील? व्यक्ती एकच ठेव, भूमिका वेगळ्या टेबलात.

आणि लॉगमध्ये एसक्यूएल (डेटाबेसला जाणाऱ्या क्वेऱ्या) चालू ठेव. शंभर पट्ट्यांच्या यादीला एकशे एक क्वेऱ्या (यादीची एक, प्रत्येक पट्टीची एकेक) जाताना दिसल्या, तर तिथं जॉइन फेच लाव, म्हणजे सगळं एकाच क्वेरीत येईल. अडलास तर रविवारी ये, रंकाळ्यावर बसून बघू.