1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, हे खरं आहे का? आणि तेव्हापासूनचे दर कुठे मिळतील?

नाही. कधीच नव्हता. हा फॉरवर्ड मेसेज दरवर्षी पंधरा ऑगस्टला फिरतो, आणि त्याच्या जोडीला '1917 साली एक रुपया म्हणजे 13 डॉलर' हाही फिरतो. दोन्ही धादांत खोटे आहेत.

1947 साली रुपया डॉलरला बांधलेलाच नव्हता, पौंडाला होता. 1927 च्या कायद्याने रुपयाचा दर 1 शिलिंग 6 पेन्स ठरला होता. म्हणजे एका पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. पौंड तेव्हा 4.03 डॉलरचा. भागाकार करा, डॉलर 3.31 रुपयांच्या आसपास येतो. 'तेव्हा देशावर कर्ज नव्हतं म्हणून बरोबरी होती' असं त्या फॉरवर्डमध्ये लिहिलेलं असतं. अहो, महायुद्धाच्या खर्चापोटी उलट इंग्लंडच आपलं देणं लागत होतं, तरी दर 3.31 च होता. कर्जाचा आणि बरोबरीचा काही संबंध नाही.

सप्टेंबर 1949 मध्ये इंग्लंडने पौंड 2.80 डॉलरवर आणला, मागोमाग आपण रुपया खाली आणला आणि डॉलर झाला 4.76. पाकिस्तानने आपला रुपया हलवला नाही, त्यामुळे त्यांचे 100 रुपये आपल्याला 144 ला पडायला लागले आणि दोन्ही देशांतला व्यापारच अडला. आपला 4.76 मात्र पुढे जवळजवळ सतरा वर्षं तसाच राहिला. लोक तो दर कायमचा धरून चालले होते. आमचे नानाही.

1966 साली माझ्या थोरल्या भावाला, दादाला, अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळाला. नाना सांगली जिल्ह्यात हायस्कूलवर मास्तर. पहिल्या वर्षाची फी आणि राहणं-खाणं धरून 1,500 डॉलर लागणार होते. 4.76 ने 7,140 रुपये. तेवढ्यासाठी त्यांनी विहिरीलगतची जमीन विकून पैसे बँकेत ठेवले आणि रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची वाट बघत बसले. परवानगी यायच्या आत 6 जून उजाडला आणि सरकारने डॉलर 7.50 केला. सचिंद्र चौधरी अर्थमंत्री होते.

नानांची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. त्या पानावर 4.76 वर आडवी रेघ मारून शेजारी 7.50 लिहिलंय. खाली गुणाकार, 11,250. त्याखाली वजाबाकी, 4,110. आणि वजाबाकीपुढे एकच शब्द: पाटल्या. आईच्या.

गावातले लोक म्हणायचे, 'मास्तर, रेडिओवर तर साडेछत्तीस टक्के सांगितलं, तुमचा खर्च साडेसत्तावन्न टक्क्यांनी कसा वाढला?' दोन्ही आकडे बरोबर आहेत. रुपया साडेछत्तीस टक्क्यांनी उतरला की डॉलर विकत घेणाऱ्याला साडेसत्तावन्न टक्के जास्त मोजावे लागतात. सरकार लहान आकडा सांगतं, भरणाऱ्याच्या वाट्याला मोठा येतो. जुने दर वाचताना हा फरक पक्का लक्षात ठेवा.

दादाने 1974 साली 1,500 डॉलरचा ड्राफ्ट पाठवला. 8.10 च्या दराने 12,150 रुपये आले. तेव्हापासून आजपर्यंत त्याचं म्हणणं एकच: 'नानांचं देणं मी 900 रुपये जादा देऊन फेडलं.' मला हे तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. त्या आठ वर्षांत डॉलर 7.50 वरून जेमतेम 8.10 वर गेला, कारण दर सरकार ठरवत होतं. पण इथे काय झालं होतं? 1972 चा दुष्काळ पडला, घराघरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी झाल्या, मग तेलाचा भडका उडाला. महागाई दुपटीवर गेली. नाना त्या 12,150 मधून जमीन परत घ्यायला गेले, तर घेणारा 20,000 च्या खाली बोलायला तयार नव्हता. आईच्या पाटल्या तर पुन्हा झाल्याच नाहीत.

म्हणून सांगतो, घरातला जुना खर्च डॉलरमधून फिरवून आजच्या रुपयात आणू नका. डॉलरचा दर म्हणजे त्या दिवशी डॉलर केवढ्याला मिळत होता एवढंच. घरातलं धान्य, मास्तरचा पगार, एकरभर जमीन यांचं मोल त्यात दिसत नाही. भावाभावांत हिशेब करायचाच असेल तर जे विकलं त्याची तेव्हाची आणि फेडतानाची किंमत धरा. डॉलर मागाहून येतो.

तुमचा दुसरा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी हँडबुकमध्ये 1970-71 पासूनचे वार्षिक सरासरी दर मिळतात, वेबसाइटवर फुकट. त्याआधीच्या वर्षांना वरचे 3.31, 4.76 आणि 7.50 हे तीन टप्पे पुरतात. पुढचं हँडबुकातच दिसेल. जुलै 1991 मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन होऊन डॉलर 21 वरून 26 च्या घरात गेला आणि मार्च 1993 पासून दर बाजारावर सोडला.

1993 च्या आधीचे हे सगळे सरकारी दर. काळ्या बाजारात तेव्हा डॉलर महाग मिळायचा. आणि 1966 चा निर्णय कुणी चैन म्हणून घेतला नव्हता. आदल्या वर्षी युद्ध झालं होतं, पावसाने दगा दिला होता, परदेशी मदत थांबली होती. नानांनीही त्याबद्दल सरकारला कधी शिव्या दिल्या नाहीत. दादाने पैसे पाठवले हेही खरं, कित्येकांचे भाऊ तेवढंही करत नाहीत. माझी हरकत फक्त 'जादा देऊन फेडलं' याला आहे.