वडिलांच्या बुलेटसारखी दिसणारी नवी गाडी घ्यायची आहे. क्लासिक 350 घ्यावी की स्पीड 400?

तुम्ही लिहिले आहे की, पुण्यात रोज 25 किलोमीटर जाणे-येणे असते, महिन्यातून एकदा घाट उतरून कोकणात जाता, उंची 5 फूट 5 इंच आहे आणि वडिलांच्या बुलेटची आठवण म्हणून जुन्या धाटणीची गाडी हवी आहे. तसे असेल तर गोल दिवा आणि फुगीर टाकी बाजूला ठेवून आधी इंजिनाकडे पाहावे, कारण या दोन गाड्यांतला खरा फरक तिथे आहे.

रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 च्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) 72 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) 85.8 मिलिमीटर आहे, म्हणजे पिस्टनचा प्रवास लांब आहे. त्यामुळे 20 बीएचपीच ताकद असूनही 27 न्यूटन मीटरचा सगळा जोर 4,000 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाती येतो आणि गर्दीत सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. ट्रायम्फ स्पीड 400 चे गणित नेमके उलटे, बोअर 89 आणि स्ट्रोक 64. तिची सुमारे 40 बीएचपीची ताकद 8,000 आरपीएमला मिळते, थंड करायला रेडिएटर आहे आणि सिलिंडरवरचे पंख बहुतांशी शोभेचे आहेत. जुना अंगरखा घातलेली ती चपळ आधुनिक गाडी आहे. चाकणला बनते आणि चालवायला झकास आहे, पण वडिलांची बुलेट तिच्यात शोधू नये.

अर्थात ती क्लासिकमध्येही पूर्ण सापडणार नाही. आमच्या घरच्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि मगच किक मारायची, नाहीतर किक उलटून पोटरीवर बसे. 2021 साली आलेल्या क्लासिकच्या नव्या इंजिनात कंप कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट असल्याने हँडलची थरथर जवळजवळ संपली आहे. जुन्या बुलेटचा तो ठोक्यांचा आवाज परत आणण्यासाठी सायलेन्सर मात्र बदलू नका. असे सायलेन्सर पुण्यात पोलिसांनी रोलरखाली चिरडलेले आहेत.

ज्या गोष्टीविषयी शोरूममध्ये सहसा कोणी बोलत नाही, ती म्हणजे चाके. तारांची चाके दिसायला देखणी, पण त्यांत बहुधा ट्यूब असते. माझ्या गाडीला तशीच चाके आहेत. ताम्हिणी घाटात भर पावसात मागचे चाक पंक्चर झाले, तेव्हा चाक उतरवल्याशिवाय इलाज नव्हता आणि पंक्चरवाला येईपर्यंत मी दोन तास छत्रीखाली उभा होतो. ट्यूबलेस टायर असता तर खिळा काढून, भोकात रबरी दोरी भरून अर्ध्या तासात निघालो असतो. तुम्ही घाटात नेमाने जाणार असाल तर क्लासिकचे अलॉय (बिनतारांच्या) चाकांचे, ट्यूबलेस टायरचे मॉडेल घ्यावे, थोडी शोभा गेली तरी चालेल.

उंचीची काळजी करू नका. सीटची उंची क्लासिकची 805 आणि स्पीडची 790 मिलिमीटर आहे. त्रास होतो तो वजनाचा. क्लासिक 195 किलोची आहे आणि सोसायटीच्या उतारावर ती मागे ढकलताना प्रत्येक किलो जाणवतो. म्हणून होंडा हायनेस सीबी 350 सुद्धा एकदा चालवून पाहा, असे सुचवतो. स्ट्रोक 90.5 मिलिमीटरचा, जोर 30 न्यूटन मीटरचा, वजन 181 किलो आणि चाके अलॉयची. बुलेटचे नाव तेवढे तिच्यावर नाही, आणि तुमच्या बाबतीत कदाचित तीच मोठी अडचण ठरेल.

किमतीचे गणितही बदलले आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर 18 टक्के आणि त्यावरच्या दुचाकींवर 40 टक्के जीएसटी आहे. 398 सीसीची स्पीड 400 दुसऱ्या गटात जाते, तेव्हा ऑन-रोड किंमत लेखी घेऊनच तुलना करा.

तुमच्या जागी मी अलॉय चाकांची क्लासिकच घेईन. मात्र चाचणीसाठी रविवारची सकाळ निवडू नका. संध्याकाळी सहाला, घरच्या एखाद्या माणसाला मागे बसवून गर्दीतून अर्धा तास फिरवा आणि शेवटी गाडी बंद करून ती चढावर स्वतः ढकलून पाहा.