पुण्यात पहिली नोकरी, तीस हजार पगार. कपड्यांची स्वतःची स्टाइल कशी बनवू, आणि सूट घेऊन ठेवू का?

तू लिहिलंयस की गाव मालवणजवळ, पुण्यात ऑफिसातली मुलं एकदम भारी दिसतात, तर कुठल्या ब्रँडपासून सुरुवात करू आणि एक चांगला सूट घेऊनच टाकू का. सुटाचं वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर मी इथे फक्त वाचून जातो.

सूट घेऊ नको. निदान आत्ता तरी नको.

माझं लग्न २००६ च्या मे महिन्यात, देवगडला, घरच्या खळ्यातच मांडव. बाबा मुंबईत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, ८२ च्या संपानंतर गावी आले आणि आंब्याच्या कलमांच्या मागे लागले, पण कापडाची पारख काही गेली नाही. दुकानात गेले की कापड चिमटीत धरून चोळायचे, उजेडासमोर धरायचे, कडेचा एक धागा ओढून बाहेर येऊन काडीने पेटवायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागे नुसती भुकटी राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी राहतो, तो नखाने फुटत नाही. दुकानदार वैतागायचे, पण धागा जळल्याशिवाय बाबा पैसे काढायचे नाहीत.

माझ्या लग्नासाठी ते मुद्दाम दादरला जाऊन आले. शर्टाला सव्वादोन मीटर पांढरं पॉपलीन आणि पँटला सव्वा मीटर राखाडी सुती ड्रिल, एवढंच. आल्या आल्या दोन्ही बादलीत बुडवून ठेवलं, कारण सुती कापड आटतं, "पयला पाण्यात घालूचा, मगे शिंप्याक देवचा" हे त्यांचं ठरलेलं. ते दोरीवर वाळत होतं आणि ठाण्याहून भावोजी आले, म्हणजे माझ्या मोठ्या ताईचे मिस्टर. येताना माझ्यासाठी थ्री-पीस सूट घेऊनच आले, रेडीमेड, पॉलिस्टरचा, मरून रंग, चकाकणारा. म्हणाले, हे घातलंस तर नवरा दिसशील, ते दोरीवरचं घातलंस तर वाढपी दिसशील. सगळ्यांसमोर म्हणाले, आणि बाबा तिथेच पडवीत सुपारी कातरत बसलेले.

मी सत्तावीस वर्षांचा, घरच्या जावयाला कोण उलट बोलणार, आणि खरं सांगायचं तर मलाही तो चकाकणारा रंग आवडला होता. मी हो म्हटलं. बाबांनी काही बोलायचं टाळलं, संध्याकाळी दोरीवरचं कापड काढून घडी घातली, मध्ये दोन डांबरगोळ्या टाकल्या आणि ट्रंकेत ठेवून दिलं.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मे महिन्यातली आपल्याकडची हवा तुला माहीतच आहे. कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के धरतो, लिनन बारा टक्क्यांपर्यंत, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणजे घाम कापडात जातच नाही, अंगावरच राहतो. वर कोटाला अस्तर, तेही तसलंच. अंतरपाटामागे उभा होतो तेव्हा पाठीवरून ओघळ सरळ पट्ट्यात उतरत होता. खांदे माझ्या हाडापासून दोन बोटं बाहेर, बाह्या अंगठ्याच्या सांध्यापर्यंत, कॉलर मानेपासून सुटलेली. अल्बममध्ये मुंडावळ्या बांधलेला मी आहे, पण कोट दुसऱ्याचा आहे हे लहान पोराला पण कळेल. एका फोटोत कडेला बाबा उभे आहेत, धुवट पांढरा शर्ट, बाही मनगटाच्या हाडावर बरोब्बर संपलेली, आणि सगळ्या फोटोंत नीट दिसणारा माणूस तेवढा एकच आहे. मी तो फोटो अजून बघतो आणि मला अजून वाईट वाटतं.

दोन महिन्यांनी मीच ट्रंक उघडली आणि ते कापड जामसंड्याला शिंप्याकडे दिलं. त्यांनी उभं करून माप घेतलं, मग खुर्चीवर बसवून घेतलं, मग हात पुढे करायला लावून पाठ मोजली. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड आत दुमडून ठेवलं. ती माया मी पुढे दोनदा सोडवून घेतली, शर्टाची कॉलर झिजली तेव्हा उलटून घेतली, आणि अकरा वर्षं ते दोन्ही ऑफिसला घातलं. साहेब लोक विचारायचे कुठून घेतलंस.

भावोजी आजही म्हणतात ब्रँड घातला की माणूस उठून दिसतो. त्यांना मी तोंडावर कधी बोललो नाही, ताईकडे बघून गप्प बसतो, पण हे चूक आहे, साफ चूक आहे. ब्रँड कुठलाही घे, आधी खांद्याची शिवण बघ, ती हाडावर आली पाहिजे, कारण कंबर, बाही, उंची सगळं अल्टर होतं पण खांदा उसवायचा म्हणजे अख्खा शर्ट नव्याने शिवण्यासारखं आहे. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, फार खाली असेल तर हात वर केल्यावर शर्ट पँटमधून बाहेर येतो, दुकानातच हात वर करून बघ, लाजू नको. पांढरा, फिका निळा, पँट राखाडी आणि नेव्ही, एवढ्यावर वर्ष निघतं. तुझी म्हणून जी काही स्टाइल असेल ती त्यातूनच हळूहळू दिसायला लागेल, आधी ठरवून येत नाही. आणि इस्त्री! हजाराचा शर्ट इस्त्री केलेला आणि चार हजारांचा चुरगळलेला, मी पहिलाच घालीन. बाबा पँट रात्री गादीखाली ठेवायचे आणि शर्टाला पेजेच्या निवळीची खळ द्यायचे.

बूट कातड्याचा घेतलास तर रोज तोच घालू नको, एक दिवस सुकू दे. पावसाळ्यात गावी आणलास तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नको, आठ दिवसांत हिरवी बुरशी धरते. आत कागद कोंब आणि उघड्यावर ठेव.

आता हेही सांगितलं पाहिजे की पॉलिस्टर सगळीकडे वाईट नाही. पावसात लवकर वाळतं, खेळायला बरं, आणि टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापड, बाबांच्या पिढीने आयुष्यभर वापरलंच की. सूटसुद्धा वाईट नाही. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं, त्यांचा सूट बघून किती लोकांची मान ताठ झाली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांनाही सांगितलं की लुगडं नेसायची जी पद्धत, जे दागिने तुमची जात ओळखू देतात ते सोडा. त्यामुळे कपड्यात काय आहे असं जे म्हणतात त्यांचंही मला पटत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सूट अंगावर सहन होतो. पैसे साठव, दोन वर्षांनी गरम कापडाचा शिवून घे, बाहीतून शर्टाचा कफ जेमतेम अर्धा इंच दिसेल असा, आणि कोटाचं खालचं बटण उघडं ठेव.

तोपर्यंत दोन शर्ट, दोन पँट गावातच शिवून ने, पुण्यापेक्षा शिलाई स्वस्त पडेल. फक्त या आठवड्यातच जा, गणपती जवळ आले की एकही शिंपी माप नीट घेत नाही. आणि कापड आधी पाण्यात घाल.