लग्नाला दीड महिना आहे. थंड पाणी लागतं, दात सळसळतात, तरी लग्नाआधी टीथ व्हायटनिंग करून घेऊ का? इनॅमल झिजतं का त्याने?

करता येईल, आणि दीड महिना आहे म्हणताय तर वेळही पुरेसा आहे. फक्त क्लिनिकमधलं ते 'तासाभरात पांढरे' वालं पॅकेज आत्ता लगेच बुक करू नका. मी डेंटिस्ट आहे, साताऱ्याकडे प्रॅक्टिस करते, लग्नसराईच्या आधी हा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुली (हल्ली मुलगेही) खूप असतात, आणि ज्यांचे दात आधीच सळसळतात त्यांना माझं एकच सांगणं असतं की आधी ते का होतंय ते बघू, पांढरं नंतर करू.

दाताच्या वरच्या इनॅमलला काही जाणवत नाही. आतल्या डेंटिनमध्ये अगदी बारीक नळ्या असतात, त्यात द्रव असतो, थंड किंवा गोड लागलं की तो हलतो आणि आतल्या नसेला कळतं, तीच ती सणक. हिरडी खाली सरकली असेल किंवा इनॅमल झिजलं असेल तर या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. कडक ब्रशने आडवं खसाखसा घासणाऱ्यांना हिरडीजवळ खाचा पडतात, नख फिरवून बघा, अडकतं तिथे. मिशरी लावणाऱ्या आज्यांचे दात मुळाशी असेच झिजलेले असतात आणि त्यांच्या नाती तेच काम आता रील बघून चारकोल पावडर आणि मीठ-लिंबाने करतात, त्यामुळे तुम्ही त्यातलं काही करत असाल तर आजच बंद करा, इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही.

आता व्हायटनिंगचं. दातांवर जे जेल लावतात त्यातलं पेरॉक्साइड (रंग उडवणारं रसायन) इनॅमल आणि डेंटिन पार करून काही मिनिटांत नसेपर्यंत पोचतं. रंगाचे कण फुटतात तेही याच पेरॉक्साइडने आणि नस चिडते तीही यानेच, म्हणजे दात पांढरा होणार तर थोडंफार सळसळणार हे धरूनच चालायचं. पण ती सणक म्हणजे इनॅमल झिजल्याची खूण नाही! डॉक्टरच्या देखरेखीखाली नीट केलं तर इनॅमलचं लक्षात येण्यासारखं नुकसान होत नाही, आणि त्रास बहुतेकांचा दोन-चार दिवसांत जातो. क्लिनिकमधल्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण २५ ते ४० टक्के असतं, तुमच्यासारख्या आधीच उघड्या पडलेल्या दातांवर ते थेट लावलं तर रात्री झोप येणार नाही अशा कळा येऊ शकतात.

आणि क्लिनिकमध्ये जेल लावल्यावर दातांवर मारतात ती निळी लाइट! पैसे बरेचसे तिचेच असतात. लाइटने शेवटी मिळणाऱ्या रंगात फारसा फरक पडत नाही, दात गरम झाला तर सळसळ मात्र वाढू शकते. शिवाय तासभर तोंड उघडं ठेवल्यावर दात सुकतात आणि सुकलेला दात जास्तच पांढरा दिसतो, खुर्चीतच काढलेला 'आफ्टर' फोटो म्हणून एवढा भारी असतो. लाळ लागून दोन दिवसांत रंग थोडा खाली येतो मग लोक म्हणतात फसवलं.

तुमच्या जागी मी घरी लावायचा ट्रे घेईन. दाताचं माप घेऊन पातळ ट्रे करतात, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशोबात फक्त साडेतीन टक्के. गंमत म्हणजे हे सापडलं अपघाताने, १९६० च्या दशकात अमेरिकेत आर्कान्सामधल्या एका ऑर्थोडोंटिस्टने (वाकडे दात सरळ करणारा डेंटिस्ट) हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून पेशंटला रात्री असलं औषध लावायला सांगितलं आणि दातच उजळले, पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या डेंटिस्टांनी ही पद्धत नीट मांडली. हळू आहे, पण सळसळलं तर एक रात्र सोडता येते, खुर्चीत ते करता येत नाही.

तर या आठवड्यात तपासणी आणि क्लिनिंग. चहाचे आणि किटणाचे डाग तेवढ्यानेच जातात, बऱ्याच जणींना त्यानंतर व्हायटनिंग नकोच वाटतं (आणि माझा धंदा बुडतो, असो). कीड असेल तर भरून घ्या, खाचा तात्पुरत्या बंद करून घ्या. मग दोन आठवडे पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्ह पेस्ट, डब्यावर ५ टक्के लिहिलेलं बघा, मऊ ब्रशने, आणि नंतर खळखळून चूळ भरू नका, नुसतं थुंका. एकदा घासून फरक पडत नाही, रोज दोनदा वापरावी लागते, लोक चार दिवसांत कंटाळतात. मग दोन आठवडे ट्रे. मध्ये सणक आलीच तर तीच पेस्ट ट्रेमध्ये भरून दहा-वीस मिनिटं लावता येते, पण आधी डॉक्टरला विचारून. लिंबू सरबत, कोकम, कोल्ड्रिंक त्या दिवसांत कमी करा. एवढं करूनही लग्नाला दहा-बारा दिवस उरतात, रंग स्थिर व्हायला ते लागतातच, आणि समोरच्या दातांचं रंग जुळवून करायचं फिलिंग असेल तर तेही व्हायटनिंगनंतर दोन आठवड्यांनीच, म्हणजे ते लग्नानंतर.

कॅप आणि जुनं फिलिंग पांढरं होत नाही, शेजारचे दात उजळले की उलट तेच पिवळे उठून दिसतात. सुळे सगळ्यांचेच जरा पिवळे असतात, त्याचं टेन्शन घेऊ नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे लहानपणीच दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात, तसे असतील तर नुसत्या ब्लीचने पांढरे भाग अजून उठून दिसू शकतात, त्याचा वेगळा इलाज असतो.

एकाच दाताला कळ येत असेल, गरमाने दुखून बराच वेळ राहत असेल किंवा चावताना लागत असेल तर ही साधी सेन्सिटिव्हिटी नाही. कीड किंवा तडा असू शकतो, त्यावर जेल अजिबात लावू नका, आधी एक्स-रे.

पार्लरमध्ये तर करूच नका. आणि क्लिनिकमध्येही बुकिंगच्या आधी दोन गोष्टी विचारा, जेल किती टक्क्याचं आहे आणि हिरडीवर बॅरिअर (जेल हिरडीला लागू नये म्हणून लावायचा थर) लावणार का. बॅरिअर नसेल तर हिरडी पांढरी पडून भाजते. उत्तर देताना अडखळले तर दुसरीकडे जा.